अमेरिकेतल्या विद्यापीठात खोलीची लॉटरी: अर्जापासून किल्ली हातात येईपर्यंत

प्रवेश पक्का झाला, आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ पाठवतं तो कागद) आली, व्हिसाच्या तारखेसाठी धडपड चालू आहे, आणि मध्येच विद्यापीठाच्या हाउसिंग ऑफिसचा ईमेल येतो: कॅम्पसवर राहायचं असेल तर अमुक तारखेच्या आत लॉटरीचा अर्ज भरा. घरात लगेच चर्चा सुरू होते. एवढी फी भरायची आणि राहायची सोय मात्र नशिबावर सोडायची?

म्हाडाच्या सोडतीची सवय असल्यामुळे हा गैरसमज होतो. तिथे नाव निघालं तर घर, नाही तर अनामत रक्कम परत. इथली लॉटरी बहुतेक वेळा फक्त तुमचा रांगेतला क्रमांक ठरवते. कुठल्या रांगेत उभं राहायचं, कोणाबरोबर उभं राहायचं, यादीत काय लिहायचं आणि कुठल्या चौकोनात टिक करायची, हे सगळं तुमच्याकडेच असतं. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात नव्या मुलामुलींच्या शंका ऐकतो, त्यावरून सांगतो: वाईट क्रमांकाने जेवढ्यांचं बिघडतं, त्याहून जास्त जणांचं या चारांपैकी एका गोष्टीत बिघडतं.

आधी ठरवा, तुमची लॉटरी कुठली

'अमेरिकेत लॉटरी असते' असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, आणि एकाच विद्यापीठात बारावीनंतर आलेल्याचे आणि एमएसला आलेल्याचेही वेगळे.

बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्यांना पहिल्या वर्षी सहसा लॉटरी नसते. एक प्रश्नावली येते: रात्री किती वाजता झोपता, अभ्यास खोलीत करता की लायब्ररीत, पसारा चालतो का, पाहुणे आलेले चालतात का. त्यावरून ऑफिस रूममेट जुळवतं. ही प्रश्नावली मुलांनी स्वतः भरावी. आईबाबा शेजारी बसले की प्रत्येक जण रात्री दहाला झोपणारा आणि सकाळी सहाला उठणारा होतो, आणि मग सप्टेंबरमध्ये खऱ्याखुऱ्या सहाला उठणाऱ्या मुलाबरोबर वर्ष काढावं लागतं.

लॉटरी येते ती दुसऱ्या वर्षासाठी. शुद्ध नशिबाचा नमुना बघायचा तर हार्वर्ड. पहिलं वर्ष सगळे हार्वर्ड यार्ड आणि आसपासच्या इमारतींत राहतात. मग वसंतात जास्तीत जास्त आठ जणांचा गट करायचा, आणि तो गट बारापैकी एका 'हाउस'मध्ये, म्हणजे वसतिगृहात, चिठ्ठीने जातो. पसंती विचारतच नाहीत. पूर्वी विचारत, पण मग एका हाउसमध्ये खेळाडू, दुसऱ्यात कलावाले, तिसऱ्यात बड्या घरचे अशी वाटणी होऊ लागली, म्हणून १९९६ पासून सगळं यादृच्छिक केलं. नऊ हाउस चार्ल्स नदीच्या बाजूला आणि तीन 'क्वाड'मध्ये, म्हणजे यार्डपासून चांगलं चालत जावं लागेल इतक्या अंतरावर. मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी वरच्या वर्गातली मुलं आपापल्या हाउसचे रंगीबेरंगी पोशाख चढवून, आरडाओरडा करत खोल्यांत शिरतात आणि निकालाचं पत्र देतात. इथे तुमच्या हातात एकच गोष्ट: ते आठ जण कोण.

दुसरा प्रकार गुण आणि क्रमांक मिळून चालतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पदवीची पद्धत त्याचं चांगलं उदाहरण आहे. दुसऱ्या वर्षात जाणाऱ्याला १० गुण, तिसऱ्यात जाणाऱ्याला २०, शेवटच्या वर्षाला ३०. गटाच्या गुणांची सरासरी काढतात, जास्त सरासरीवाल्यांना आधी संधी. सरासरी सारखी असेल तिथे चिठ्ठीचा क्रमांक कामाला येतो, १ ते ३००० मधला, लहान तितका चांगला. म्हणजे तिसऱ्या वर्षाचे दोघे आणि दुसऱ्या वर्षाचा एक असा गट केला तर (२० + २० + १०) ÷ ३, साधारण १६.६७. निव्वळ दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या गटांच्या पुढे, आणि निव्वळ तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या गटांच्या मागे. ज्या धाकट्याला मोठ्यांनी गटात घेतलं त्याची चैन, आणि मोठ्यांनी मैत्रीखातर काय किंमत मोजली तेही आकड्यात दिसतं.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या बहुसंख्य वाचकांचा: एमएस किंवा पीएचडीला येणाऱ्यांची लॉटरी. स्टॅनफर्ड, एमआयटी अशा ठिकाणी, जिथे बाहेरची भाडी डोळे पांढरे करणारी आहेत, तिथे तिचं महत्त्व फार. स्टॅनफर्डने २०२० मध्ये एस्कॉन्डिडो व्हिलेजमध्ये सुमारे २४०० पदव्युत्तर विद्यार्थ्यांची नवी वसाहत उघडली, एमआयटीने २०२४ मध्ये ग्रॅज्युएट जंक्शन नावाने ६७६ बेड वाढवले. तरीही लॉटरी संपलेली नाही. पुढचं बहुतेक लिखाण याच प्रकाराला धरून आहे.

आणि चौथा प्रकार म्हणजे लॉटरीच नसणं. पुष्कळ मोठ्या सरकारी विद्यापीठांत पोर्टल उघडल्यावर जो आधी अर्ज करेल त्याला आधी जागा, किंवा एमएसवाल्यांसाठी कॅम्पसवर नावापुरत्याच खोल्या. तुमच्या विद्यापीठाच्या हाउसिंगच्या पानावर 'लॉटरी', 'रूम सिलेक्शन', 'वेटलिस्ट' आणि 'आधी येईल त्याला आधी' यांपैकी कुठला शब्द आहे ते पहिल्याच दिवशी बघा. शेवटचा असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी अर्ज भरून या.

तारीख आणि घड्याळ

लॉटरीत मुदतीच्या पहिल्या दिवशी भरलेला अर्ज आणि शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज सारखाच. घाईने काही मिळत नाही. मुदत उलटली तर मात्र तुम्ही लॉटरीच्या बाहेर, थेट प्रतीक्षायादीत.

मुदत तिथल्या घड्याळाने असते. मे महिन्यात तिथे उन्हाळी वेळ चालू असते, त्यामुळे न्यूयॉर्क-बॉस्टन आपल्या साडेनऊ तास मागे, आणि कॅलिफोर्निया साडेबारा तास मागे. बॉस्टनच्या संध्याकाळच्या पाचची मुदत म्हणजे पुण्यात मध्यरात्र उलटून अडीच. कॅलिफोर्नियाची पाचची मुदत म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. ऐकायला ही सवलत वाटते, पण पहाटे साडेपाचला पोर्टल अडकलं तर फोन करायला तिकडचं ऑफिस नुकतंच बंद होत असतं. एक दिवस आधी संपवा.

तारीख वाचताना आणखी एक खोड लक्षात ठेवा. तिकडे महिना आधी लिहितात. ५/६ म्हणजे सहा मे, पाच जून नव्हे. यात महिनाभराचा फरक पडतो.

अर्ज करायला काय काय लागतं

विद्यापीठाचं लॉगिन लागतं, आणि ते प्रवेश स्वीकारल्याशिवाय मिळत नाही. दोन विद्यापीठांमध्ये मन हेलकावत असेल तर दोघांच्या हाउसिंगच्या मुदती एका कागदावर लिहा. प्रवेशाचा निर्णय त्याआधी घ्यावा लागेल. व्हिसा मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. व्हिसाची मुलाखत जून-जुलैमध्ये आणि लॉटरी मेमध्ये, अशीच परिस्थिती बहुतेकांची असते.

अर्जाचं शुल्क किंवा डिपॉझिट असेल तर ते सहसा आंतरराष्ट्रीय कार्डाने जातं. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सहसा बंद असतात. ते आधी सुरू करा, मर्यादा वाढवा आणि ओटीपी येणारा मोबाइल जवळ ठेवा. शेवटच्या रात्री बाबांचं कार्ड, काकांचं कार्ड, मग मित्राचं कार्ड असा खेळ मी पाहिलेला आहे.

जोडप्याने जाणार असाल तर विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा, आणि दोघांची नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच दाखल्यावर आहेत ना ते तपासा. जोडप्यांच्या आणि मुलंबाळं असलेल्यांच्या इमारती वेगळ्या असतात, एमआयटीतलं वेस्टगेट त्यांपैकी एक. तिथली रांगही वेगळी, आणि एकट्यांच्या रांगेत भरलेला अर्ज तिकडे आपोआप जात नाही.

दम्याचा त्रास, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गंभीर अॅलर्जी असं काही असेल तर ती गोष्ट लॉटरीच्या अर्जातल्या 'इतर माहिती'च्या रकान्यात लिहून उपयोग नाही. विद्यापीठात अपंगत्व आणि आरोग्यविषयक गरजांचं स्वतंत्र ऑफिस असतं. डॉक्टरचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, नेमकी गरज सांगणारं हवं: तळमजला किंवा लिफ्ट, गालिचा नसलेली खोली, स्वतंत्र न्हाणीघर. ते मान्य झालं तर त्या गरजेला बसणारी खोली लॉटरीबाहेरून नेमून देतात. त्या ऑफिसची मुदत हाउसिंगच्या मुदतीपेक्षा वेगळी, कधी आधीची असते.

गट करायचा का, आणि कोणाबरोबर

एप्रिलमध्ये प्रत्येक विद्यापीठाच्या नव्या भारतीय विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो, आणि तिसऱ्या दिवशी रूममेट शोधणं सुरू होतं. चांगली गोष्ट आहे, फक्त आधी नियम वाचा. गटाचा क्रमांक कसा धरतात? काही ठिकाणी सरासरी, काही ठिकाणी गटातल्या सर्वांत चांगल्या क्रमांकाचा, काही ठिकाणी पूर्ण गटाला एकच चिठ्ठी. सर्वांत चांगला क्रमांक धरत असतील तर गट मोठा असणं फायद्याचं. सरासरी असेल तर एका वाईट क्रमांकाने सगळे मागे जातात. एकच चिठ्ठी असेल तर गट केल्याने क्रमांकाचा फायदा-तोटा काहीच नाही, फक्त मोठी जागा लागणार.

मोठी जागा, इथेच घोडं पेंड खातं. चार जणांच्या गटाला चार खोल्यांचा फ्लॅट लागतो, आणि ते कॅम्पसवर मोजकेच असतात. दोघांच्या जागा त्याहून खूप जास्त. तिघांच्या गटाने चार बेडचा फ्लॅट मागितला तर चौथा बेड कोणा अनोळखी माणसाला जाणार, किंवा पूर्ण भरलेल्या गटाला प्राधान्य म्हणून तुमचा अर्ज मागे पडणार.

गट झाल्याचं प्रत्येकाने पोर्टलवर स्वतंत्र मान्य करावं लागतं. 'मी तुझं नाव टाकलंय' एवढं पुरत नाही. त्यानेही तुमचं टाकायला हवं, आणि सहसा गटप्रमुखाचीच पसंतीयादी सगळ्यांना लागू होते. त्यामुळे प्रमुख कोण हे मैत्रीवरून ठरवू नका. जो ईमेल वाचतो त्याला करा.

रूममेटशी बोलताना लोक गावं विचारतात, कॉलेज विचारतात, आणि खरं विचारायचं ते राहून जातं. भाडं किती परवडेल याचा आकडा विचारा. उन्हाळ्यात इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात गेलास तर भाड्याचं काय, हे विचारा. स्वयंपाक एकत्र की वेगळा? त्याच तव्यावर मासे तळलेले चालतील का? हाउसिंगच्या अर्जात शाकाहारी-मांसाहारी असा रकाना मिळेलच असं नाही, त्यामुळे घरचं सोवळं कितपत न्यायचंय ते मेमध्येच एकमेकांना स्पष्ट सांगितलेलं बरं. डिसेंबरमध्ये फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवून ही चर्चा करणं फार त्रासाचं असतं.

पसंतीयादी: खरी लिहा

इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल. तिथे गुणवत्ता क्रमांक, इथे चिठ्ठीचा क्रमांक, बाकी यंत्रणा जवळपास तीच. संगणक क्रमांक १ पासून सुरू करतो. पहिल्याला त्याच्या यादीतली पहिली जागा देतो. मग दुसऱ्याची यादी उघडतो, वरून खाली येतो, जी पहिली शिल्लक दिसेल ती देतो. मग तिसरा.

समजा तुमचा क्रमांक ४१२ आहे. तुमच्या यादीत पहिला एकट्याचा स्टुडिओ, दुसरी दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक खोली, तिसरी जुन्या इमारतीतली सामायिक खोली. तुमची पाळी येते तेव्हा स्टुडिओ संपलेले असतात. संगणक त्याच क्षणी तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे बघतो. ती शिल्लक असेल तर तुमची. ४१३ क्रमांकाच्या माणसाने तीच जागा पहिली लिहिली असली तरी त्याची पाळी तुमच्यानंतर. म्हणजे पहिल्या पसंतीला अवघड जागा लिहिल्यामुळे दुसरी हुकत नाही. 'स्टुडिओ मिळणारच नाही, उगाच पहिली पसंती वाया कशाला घालवा' हा व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सल्ला या पद्धतीत साफ चुकीचा आहे. मिळेल ते वर आणि हवं ते खाली लिहिलंत, तर मिळेल तेच मिळेल, आणि हवं ते शिल्लक असतानाही जाईल.

अपवाद दोन. एक, काही विद्यापीठं आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या भागवतात आणि मग दुसऱ्यांकडे वळतात. तिथे पहिली पसंती खरंच जपून वापरावी लागते. नियमात 'क्रमांकानुसार' लिहिलंय की 'पसंतीनुसार', एवढं बघितलं की कळतं. नाही कळलं तर हाउसिंगला ईमेल करून विचारा, ते सांगतात. दोन, काही ठिकाणी संगणक जागा देत नाही. तुमच्या क्रमांकानुसार वेळ मिळते आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत पोर्टलवर तुम्हीच खोली निवडता. तिथे मजल्यांचे नकाशे आधी उतरवून घ्या, पंधरा-वीस खोल्यांची यादी क्रमाने कागदावर ठेवा आणि त्या वेळी विमानात असाल तर दुसऱ्या कोणाला निवडीचा अधिकार देता येतो का ते विचारून ठेवा.

यादीचा क्रम लावताना फोटोंवर जाऊ नका, ते सगळे एकाच उन्हाळी दुपारी काढलेले असतात. भाडं आणि करार किती महिन्यांचा ते बघा. दरमहा २०० डॉलरचा फरक दहा महिन्यांत २००० डॉलर होतो, म्हणजे येण्या-जाण्याच्या विमानभाड्याच्या आसपास. वीज, पाणी, इंटरनेट धरलेलं आहे का? मेसची योजना सक्तीची आहे का? स्वयंपाकघर असलेल्या इमारतीत ती सहसा सक्तीची नसते, आणि वरणभात स्वतः करणाऱ्यासाठी हा फरक भाड्यापेक्षाही मोठा पडतो. त्यानंतर तुमच्या विभागापर्यंत चालण्याचं अंतर. ते नकाशावर जुलैच्या हवेत मोजू नका, जानेवारीतल्या बॉस्टनच्या हवेत मोजा.

तो एक चौकोन

अर्जाच्या शेवटी साधारण असं वाक्य असतं: माझ्या पसंतीची जागा शिल्लक नसेल तर मला कुठलीही पात्र जागा चालेल. शेजारी टिक करायचा चौकोन.

या चौकोनावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. स्टॅनफर्डमध्ये नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी कॅम्पसवर जागेची हमी असते, पण ती दोन अटींवर: लॉटरीच्या मुदतीत अर्ज, आणि तुम्ही पात्र असाल अशी कुठलीही जागा घ्यायची तयारी. 'फक्त माझ्या यादीतलंच द्या' म्हटलंत की हमी गेली. मग क्रमांक वाईट आला तर तुम्ही रिकामे.

इतर ठिकाणी हमी नसली तरी तर्क तोच. तुमच्या यादीबाहेरची सगळ्यात वाईट कॅम्पसवरची जागा आणि बाहेरचा फ्लॅट यांत तुम्ही काय घ्याल? पहिल्या वर्षी माझं मत ठाम आहे: कॅम्पसवरची वाईट जागा. बाहेरचा घरमालक अमेरिकेतला क्रेडिट स्कोअर मागतो, तो तुमच्याकडे नसतो. सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) मागतो, तोही नसतो. मग कोणीतरी तिथला हमीदार आणा, नाहीतर जास्तीचं डिपॉझिट द्या, आणि हे सगळं न बघितलेल्या घरासाठी, नागपुरात बसून. विद्यापीठाला यातलं काही लागत नाही. भाडं तुमच्या विद्यार्थी खात्यावर लागतं. ज्यांचे सख्खे नातेवाईक त्याच शहरात आहेत, किंवा ज्यांना ते भाडं खरोखर परवडतच नाही, त्यांनी मात्र चौकोन रिकामा ठेवावा. परवडत नसलेली जागा मिळाली, ती नाकारली, तर रद्द करण्याचं शुल्क वर बसतं.

निकाल आला

जागा मिळाल्याचा ईमेल येतो आणि त्याबरोबर स्वीकारायची मुदत येते. ती थोड्या दिवसांची असते. स्पॅमचा फोल्डर रोज उघडा.

स्वीकारणं म्हणजे करारावर सही. बाहेरच्या भाडेकरारापेक्षा हा करार लहान असतो, म्हणून लोक न वाचता सही करतात. तीन कलमं तरी वाचा. रद्द केल्यास किती पैसे जातात, आणि कुठल्या तारखेनंतर वाढतात. व्हिसा नाकारला गेला किंवा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला तर करारातून सुटका आहे का, आणि त्यासाठी कुठला कागद लागतो. व्हिसा नाकारल्यावर वकिलातीत हातात देतात तो कागद जपून ठेवा. आणि खोली दुसऱ्याला भाड्याने देता येते का. बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय देता येत नाही, आणि गुपचूप दिली तर कारवाई होते. 'माझी कॅम्पसवरची खोली घे, पैसे आधी पाठव' असा निरोप कुठल्याही ग्रुपवर आला तर पाठवणारा कितीही मराठी बोलत असला तरी पैसे पाठवू नका. खोली विद्यापीठाची आहे, त्याची नाही.

जागा मिळाली नाही तर प्रतीक्षायादी. जूनमध्ये ती हलत नाही आणि लोक धीर सोडतात. ती हलते जुलैत आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा कोणाचा व्हिसा अडकतो, कोणी दुसऱ्या विद्यापीठात जातं, कोणी बाहेर फ्लॅट घेतं. यादीत राहा, पण प्रत्येक वेळी नवी जागा आल्यावर उत्तर द्यायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच मिळतात असं धरून चाला. एकीकडे बाहेरची शोधाशोध चालू ठेवा, फक्त बारा महिन्यांच्या करारावर सही केलीत की यादीतून स्वतःहून नाव काढा. दोन भाडी कोणालाच परवडत नाहीत.

पोचल्यावर

ठरलेल्या तारखेआधी खोली मिळत नाही. लवकर यायचं तर आधी परवानगी आणि रोजचे वेगळे पैसे. विमान रात्री अकराला उतरणार असेल तर त्या वेळी किल्ली कोण देतं ते घरून निघण्यापूर्वी विचारा. नाहीतर पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात.

किल्लीबरोबर खोलीच्या स्थितीचा फॉर्म मिळतो. सामान उघडण्यापूर्वी तो भरा. भिंतीवरचे ओरखडे, गादीवरचा डाग, तुटलेला पडद्याचा दांडा, सगळ्याचे फोटो काढून जोडा. जे तुम्ही लिहिलं नाही ते वर्षाच्या शेवटी तुमच्या नावावर लागतं.

गादी 'ट्विन एक्सएल' मापाची असते, ८० इंच लांब आणि साधारण ३८ इंच रुंद. घरून नेलेली चादर आखूड पडू शकते. भारतातला मिक्सर तिथे नेऊ नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आणि पिन बदलून व्होल्टेज बदलत नाही. कुकर न्या, पण इमारतीत इंडक्शनची शेगडी असेल तर तळ इंडक्शनचा आहे ना ते बघा.

मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन: डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, जवळजवळ सगळीकडे बंदी. गणपती सेमिस्टरच्या तोंडावरच येतात, तेव्हा हे पहिल्या महिन्यातच कळतं. खोलीत एलईडीचे दिवे लावा, आणि निरांजन लावून आरती करायचीच असेल तर विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात किंवा शहरातल्या महाराष्ट्र मंडळात.

फोडणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तेल तापलं, मोहरी तडतडली, तोपर्यंत ठीक. सुक्या मिरच्या पडल्या आणि वरचा पंखा बंद असला की स्मोक अलार्म बोंबलतो. काही इमारतींत तो फक्त तुमच्या फ्लॅटपुरता असतो, काहींत अख्खी इमारत जिन्याने खाली येते आणि अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत आत जाता येत नाही. रात्री दहाला, बर्फात, पायजम्यावर उभे असलेले दीडशे शेजारी तुमच्या अंगाला आमटीचा वास येतोय हे बरोबर ओळखतात. म्हणून आधी पंखा, मग खिडकी, मग तेल. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधणं हा उपाय नाही, त्याचा दंड जबर असतो.

पदवीच्या डॉर्म काही ठिकाणी डिसेंबरच्या सुट्टीत बंद होतात. घरी येणार नसाल तर सुट्टीतल्या मुक्कामाचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करावा लागतो.

दुसऱ्या वर्षासाठी

आत्ताची खोली राखायची की पुन्हा लॉटरीत उतरायचं, हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चमध्ये समोर येतो. खोली राखायची मुभा असेल तर तिची एक जुनी गोची आहे: लॉटरीत उतरण्यासाठी हातातली खोली आधी सोडून द्यावी लागते, आणि क्रमांक वाईट आला तर आहे त्याहून वाईट जागा पदरी पडते. त्यामुळे ज्यांना बदल हवा असतो तेही जागचे हलत नाहीत आणि खोल्या अडकून राहतात. अब्दुलकादिरोग्लू आणि सोन्मेझ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. त्यांचा उपाय असा: तुम्ही लॉटरीत आहात, पण तुमची खोली तुमच्याच नावावर आहे. वरच्या क्रमांकाच्या कोणी तुमची खोली मागितली, तर ती देण्याआधी तुम्हाला त्याच्या पुढे आणून आधी निवडू देतात. चांगलं मिळालं तर घ्या, नाहीतर आहे ती तुमचीच. अशी सोय तुमच्या विद्यापीठात असेल तर न उतरण्याचं काहीच कारण नाही. नसेल, आणि खोली सोडूनच उतरावं लागत असेल, तर आत्ताची जागा खरोखर नकोशी असेल तरच उतरा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाइतकं प्राधान्य सहसा नसतं, कारण नव्यांची सोय आधी लावतात. तोवर तुमचं बँक खातं झालेलं असतं, क्रेडिट कार्डाचा थोडा इतिहास तयार झालेला असतो, शहर पायाखालचं झालेलं असतं. बाहेर राहायचं ठरवलंत तर फेब्रुवारीपासून बघायला लागा. विद्यापीठांच्या गावांत सप्टेंबरच्या फ्लॅटचे करार वसंतातच होऊन जातात. आणि कॅम्पसवरची खोली सोडण्याची सूचना लेखी, मुदतीत द्या. भिंतीवरचे टेपचे डाग, ओव्हनमधलं तेल आणि हरवलेली टपालपेटीची किल्ली यांचं बिल थेट विद्यार्थी खात्यावर लागतं, आणि खात्यावर बाकी असेल तर पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडू शकते.